लिंबाएवढा गूळ

आमच्या घरात पिझ्झा शिरला तो पथ्याचा पदार्थ म्हणून. हे ऐकून लोक हसतात. हसा. त्या दिवसांत मीही हसतच होते, आणि स्वतःवर इतकी खूश होते की काही विचारू नका.

त्याचं असं झालं. आमच्या ह्यांना साखर निघाली. निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली. सरकारी कचेरीत आयुष्यभर फायली लावलेला माणूस, घरातसुद्धा चपला एका ओळीत ठेवणारा. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा, गोड बंद, मैदा-साखर घरात आणू नका, संध्याकाळी चाला. माझा स्वभाव असा, की असं काही हातात मिळालं की मी घर ढवळून काढते. साखरेचा डबा त्याच दिवशी शेजारच्या अक्कांना देऊन आले. कॉफी बिनसाखरेची सुरू केली. बंगळुरात, त्यातही बसवनगुडीत राहून फिल्टर कॉफी बिनसाखरेची पिणं ही काय शिक्षा आहे ते इथल्या माणसालाच विचारा. हे मुकाट्यानं प्यायले.

मग पंधरा दिवस दुधी, पडवळ, मेथी आणि पुन्हा दुधी. हे ताटावर बसायचे आणि दुसऱ्याच्या फायलीवर सही करायला लावल्यासारखे ताटाकडे बघायचे. तक्रार नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

आमची मुलगी एचएसआर लेआउटला राहते. ती आणि जावई, दोघंही कंप्युटरच्या नोकरीत. एका रविवारी ती आली ती हातात चौकोनी खोका घेऊन. "अण्णा, एकच पीस हं," असं म्हणत तिनं बापाच्या ताटलीत पिझ्झाचा तुकडा ठेवला. ह्यांनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटले. चाळीस वर्षं मी ह्या माणसाला जेवायला वाढते आहे. डोळे मिटून खाताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला धक्काच बसला, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. मग खोक्यावरची किंमत वाचली. एवढ्यात आमच्या घरात आठवड्याची भाजी येते! आणि खाली बघावं तर निव्वळ मैदा.

"हे मी घरी करीन," मी जाहीर केलं. "मैदा नाही, साखर नाही, आणि ह्याच्या पाव किमतीत."

"आई, तुझ्याकडे ओव्हन नाहीये."

"तवा आहे ना? मग झालं तर."

पहिला पिझ्झा परातीत टाकला तर ठण्णकन वाजला. दुसरा मधून कच्चा राहिला. पिठाच्या गिरणीवाल्यानं माझी अडचण ऐकून घेतली आणि म्हणाला, "अक्का, रागी स्वल्प कम्मी माडि." त्याचं ऐकून नाचणी कमी केली, गहू आणि ज्वारी वाढवली. यीस्टच्या पाकिटावर लिहिलं होतं, कोमट पाणी आणि चमचाभर साखर. साखर? माझ्या घरात? मी गूळ किसून घातला. असा फसफसून वर आला की पातेल्याबाहेर यायला बघत होता. चीज नावाला चिमूटभर, बाकी दूध फाडून घरीच केलेलं पनीर. वर कांदा, ढोबळी मिरची, कधी मेथी. बाहेरच्या पिझ्झावर जो सुका पाला भुरभुरतात त्याच्या बाटलीची किंमत बघून मी ती दुकानातच परत ठेवली. आमच्या गच्चीवर कुंडीत दोड्डपत्रे आहे, पानओवा. मुलांच्या खोकल्याला काढा करायची ती जाड पानं. बारीक चिरून घातली तर वास हुबेहूब तोच! हा शोध लागला त्या दिवशी मी दोन वेळा गच्चीवर जाऊन त्या कुंडीकडे कौतुकानं बघून आले.

राहता राहिला सॉस. इथले टोमॅटो दिसायला लाल आणि चवीला चिंच. ते उकडून, साल काढून, लसूण आणि ब्याडगी मिरची घालून आटवले, आणि आंबटपणा मारायला गुळाचा खडा घातला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तीन पिढ्या बंगळुरात काढल्यावर आमची मराठी अशी झाली आहे की पुण्याचे पाहुणे मधेच थांबवून "काय म्हणालात?" विचारतात, पण आमटीत गूळ घालायला आम्ही विसरलो नाही. इथल्या शेजाऱ्यांच्या गोज्जूतही, त्या चिंचेच्या आंबटगोड कालवणात, गूळ असतोच, त्यामुळे त्या बाबतीत दोन्हीकडून आमचं शिक्षण पक्कं. आईनं शिकवलेलं माप होतं: चिंच लिंबाएवढी, गूळ लिंबाएवढा. चव बघायची, वाटलं तर अजून एक खडा. त्यानं पदार्थ गोड होत नाही. त्याला चव येते.

पाचव्या खेपेला पिझ्झा जमला. बिडाचा जाड तवा, वर झाकण, मंद आच. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. ह्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

मी ओट्याशी उभी होते. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी उगाचच तव्यावर झाकण आपटलं.

मग मी थांबते कसली! आठवड्यातून एकदा होता तो तीनदा झाला. "खा हो, अजून एक घ्या, घरचा आहे," म्हणून मी चौथा तुकडा वाढायची. सॉसची बरणीच करून ठेवायला लागले. तो ह्यांना इतका आवडला की सकाळी डोशाबरोबर, दुपारी पोळीबरोबर तोच. मुलीनं फोटो काढून तिच्या सोसायटीतल्या बायकांना पाठवले. बसवनगुडीतली एक बाई नाचणीचा पिझ्झा तव्यावर करते म्हणून एचएसआरमध्ये माझं नाव झालं म्हणे.

येलहंक्याला ह्यांचे मोठे भाऊ राहतात, त्यांच्या मुलाकडे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. वर्षभरात त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. एका शनिवारी डब्यात पिझ्झा घेऊन आम्ही गेलो. दादांनी दोन तुकडे चवीनं खाल्ले, बोटं चाटली, हात धुऊन आले, आणि पुन्हा खुर्चीत बसून सुनेला म्हणाले, "आज मला कुणी वाढणार आहे की नाही?" आम्ही सगळे हसलो. तशा वेळी दुसरं काय करणार? हे हसले नाहीत. परतीच्या बसमध्ये तासभर खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, दमले असतील.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला. मी तर पेढे वाटायच्या तयारीत होते, म्हणजे बिनसाखरेचे कसे करायचे याचा विचार चालला होता. आकडा उतरायचा तो चांगलाच चढला होता.

मला वाटलं, कागद बदलला. नाव वाचलं, वय वाचलं. आमचाच होता. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "बाहेर काही खाता का?" हे म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, "घरात साखरेचा कण नाही डॉक्टर. मैदा नाही. गोडाचं नाव नाही." माझा एकेक शब्द मला खरा वाटत होता. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं की पडद्यावर बारीक ठिपके दिसायला लागलेत. साखर अशीच राहिली तर दृष्टीला धोका आहे. तीन महिन्यांत उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करावं लागेल.

ह्या माणसाचं सगळं सुख वाचण्यात आहे. सकाळी कन्नड वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत, दुपारी पोस्टानं येणारी मराठी मासिकं. दृष्टी गेली तर ह्यांच्याजवळ उरणार काय? रिक्षात सगळा वेळ मी हाच एक प्रश्न उगाळत होते. घरी येईपर्यंत त्या भीतीचा राग झाला. माझं नेहमी असंच होतं. भीती मला नीट वाटताच येत नाही.

घरात साखर नाही, मैदा नाही, तरी साखर चढली. म्हणजे माणूस बाहेर खातोय. दोन अधिक दोन चार. ह्यांच्या संध्याकाळच्या फिरण्याच्या रस्त्यावर एक बेकरी आहे. खारा बन, दिलपसंद, गरम पफ. पाच वाजता तिथला वास कोपऱ्यापर्यंत येतो. मी विचारलं, "तिथे जाता ना?" हे म्हणाले, "नाही गं." मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं. चौथ्या दिवशी पदर खोचून ह्यांच्या मागे गेले. ह्या वयात मी नवऱ्याचा पाठलाग केला, हे लिहितानाही मला लाज वाटते, पण गेले. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून पाहिलं. हे आणि बागेतल्या बाकावरचे त्यांचे तीन दोस्त बेकरीसमोर उभे होते. एकाच्या हातात कागदाची पुडी होती. ह्यांची पाठ माझ्याकडे होती. एवढंच पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं. मी घरी निघून आले.

हे आले तेव्हा मी दारातच उभी होते. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं," मी म्हटलं, "खाताना पाहिलं तुम्हाला."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी खाताना पाहिलं नव्हतं. पण बोलून गेले, आणि एकदा बोलल्यावर मला तेच आठवायला लागलं. बेकरी, पुडी, तोंडाकडे जाणारा हात. आजही डोळे मिटले तर तो हात दिसतो, न पाहिलेला.

हे चपला काढता काढता थांबले. "खाताना?" त्यांनी विचारलं. "मला?"

"नाही तर काय शेजाऱ्याला?"

त्यांनी चपला ओळीत ठेवल्या आणि आत गेले. पुढचे दहा-बारा दिवस मी त्यांना सोडलं नाही. मुलीला फोन लावून, तो मोठ्या आवाजावर ठेवून, त्यांच्यादेखत सांगितलं. बागेत जाऊन त्या तिघा दोस्तांना हात जोडले, म्हटलं, "यांना काही देऊ नका, माझ्यावर उपकार करा." तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहेत. शेवटी एकदा जेवताना मी रडायलाच लागले. म्हटलं, डोळे जातील तुमचे, मग मी काय करू? हे ताटाकडे बघत हळूच म्हणाले, "तू पाहिलं म्हणतेस, तर खाल्लं असणार मी."

जिंकले! मला तसंच वाटलं. त्या दिवसापासून फिरणं बंद. चालायचं ते गच्चीवर, माझ्यासमोर, दोड्डपत्रेच्या कुंडीपासून टाकीपर्यंत. फेऱ्या मी मोजायची. आणि बाहेरचं सुटावं म्हणून घरचं वाढवलं. पिझ्झा, सॉस, "घ्या अजून, हे आपलं आहे."

हे खूपच गप्प झाले. एक छोटी वही घेऊन सारखे काही लिहायला लागले. जेवण झालं की वही, फेऱ्या झाल्या की वही. मला वाटलं, रामनाम लिहितात. चला, म्हटलं, बेकरी सुटली आणि देव धरला. आणखी एक नवीनच सुरू झालं होतं. संध्याकाळी मला विचारायचे, "दुपारी भेंडीची भाजी होती ना?" मी म्हणायची, "आता भाजीही विसरलात का?" की ते वही मिटून ठेवायचे.

दोन महिने असे गेले. मग एका रविवारी सकाळी मुलगी आली. पिशवीतून तिनं एक पांढरा चपटा काटा काढला, स्वयंपाकघरातला, वर आकडे उमटणारा. "आई, सोसायटीतल्या सगळ्या बायका रेसिपी मागतायत. तुझं अंदाजे, चवीपुरतं, मूठभर असलं काही चालणार नाही. प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये. तू घालायच्या आधी मला दे, मी वजन करून लिहिते."

मी चांगली साडी नेसले होते. सांगायला लाज कसली, मला अभिमान वाटत होता. हे टेबलाशी बसून लसूण सोलत होते. पीठ मोजलं. टोमॅटो मोजले. लसूण, मिरच्या, सगळं तिनं लिहिलं. यीस्टच्या पाण्यात मी गूळ टाकायला गेले तर तिनं माझा हात धरला. "थांब, हे मोजलं नाही." मोजलं, लिहिलं, भुवया जरा वर गेल्या. मग सॉस आटत आला. मी ढेपेचा तुकडा फोडून तिच्या हातावर ठेवला.

"हा किती?"

"लिंबाएवढा."

"आई, हे लिंबू आहे? हे मोसंबं आहे." हसत हसत तिनं तो काट्यावर ठेवला, आणि आकडा बघून तिचं हसू थांबलं. मी चव घेतली, फारच आंबट होता, एवढ्यानं भागणार नाही म्हणून सवयीनं अजून एक खडा तोडला. तोही तिनं माझ्या हातातून काढून घेतला आणि पहिल्याशेजारी ठेवला. मग यीस्टसाठी घातला तेवढाही वेगळा तोडून वर ठेवला. काट्यावर गुळाचा ढीग झाला होता.

"हा सॉस अण्णा रोज खातात?"

"रोज. दोन्ही वेळा. बरणी चार दिवसांत संपते, इतका आवडतो."

तिनं काट्यावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मीच बोलत सुटले. "असं काय बघतेस? गूळ आहे तो. साखरेचा कण घातला नाही मी. गुळात लोह असतं. आमटीत गूळ घातला म्हणून आमटीचा काय शिरा होतो?"

"आई," ती म्हणाली, अगदी हळू आवाजात, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली, "रक्ताला कळत नाही गं, गूळ आहे की साखर. आणि नाचणी म्हणून तू चार-चार तुकडे वाढतेस. तेही पीठच आहे ना?"

मी त्या ढिगाकडे बघत राहिले. हा गूळ माझ्या हातातून गेला होता. बरणीमागून बरणी, घासामागून घास, मी समोर बसून, आग्रह करकरून भरवला होता. डॉक्टरांसमोर छाती पुढे काढून "गोडाचं नाव नाही" सांगितलं होतं. गॅसवर सॉस करपायला लागला तो मुलीनंच बंद केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या काखेतल्या कळशात विष होतं आणि मी ते ज्याला पाजत होते त्याच्याच नावानं गावभर दवंडी पिटली होती.

आता हे चिडतील, असं मला वाटलं. चिडायलाच हवं होतं. चाळीस वर्षांत एकदा तरी ताट भिरकावण्याचा हक्क त्यांना त्या दिवशी होता. मी मान खाली घालून वाट बघत होते.

ह्यांनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे मी बाहेर काही खाल्लंच नव्हतं?"

मला प्रश्नच कळला नाही. मुलगी म्हणाली, "अण्णा, तुम्हालाच ठाऊक असणार ना ते."

"नाही ना," ते म्हणाले. "तेच तर."

ते उठले, आत गेले आणि ती छोटी वही घेऊन आले. माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी उघडली. रामनाम नव्हतं. त्यांच्या त्या कचेरीतल्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'सोमवार. ५.१० ला निघालो. बाकावर चौघे. बेकरीसमोर थांबलो, पुडी मित्राची. मी घेतलं नाही. ६.०५ घरी.' पुढच्या पानावर: 'मंगळवार. बेकरीच्या बाजूनं गेलोच नाही. दुसऱ्या रस्त्यानं आलो. काही खाल्लं नाही. नक्की.' मग एक पान होतं, तिथं अक्षर जरा वाकडं झालं होतं. 'ती म्हणते, खाताना डोळ्यांनी पाहिलं. मला आठवत नाही. दादालाही आठवत नाही. तो खातो आणि विसरतो. माझंही तसंच सुरू झालं असावं. तिला सांगायचं नाही. घाबरेल.'

त्यापुढे पानंच्या पानं. 'सकाळी दोन डोसे, लाल सॉस. लक्षात आहे.' 'दुपारचं जेवण संध्याकाळी आठवून लिहिलं. भेंडी. तिला विचारून खात्री केली. बरोबर आलं.' 'गच्चीवर वीस फेऱ्या. मी वीस मोजल्या, तिनंही वीस.' 'शेजाऱ्यांचं नाव चटकन आठवलं नाही. मग आठवलं.'

तिथे मी वही मिटली. मला पुढे वाचवेना. दोन महिने हा माणूस माझ्याशेजारी बसून रोज स्वतःची परीक्षा घेत होता, एकटा, आणि मी त्याला "आता भाजीही विसरलात का?" म्हणत होते. गुळाचा धक्का मोठा होता असं मला दहा मिनिटांपूर्वी वाटलं होतं. तो काहीच नव्हता. गूळ मी न कळत घातला होता. "डोळ्यांनी पाहिलं" हे मी खोटं आहे ते माहीत असून बोलले होते.

"अहो, मग मला का नाही सांगितलंत? भांडायचं होतंत माझ्याशी!"

"तू पाहिलं म्हणालीस," ते साधेपणानं म्हणाले. "चाळीस वर्षांत तू माझ्याशी खोटं कधी बोललीस?"

मुलगी उठून गॅलरीत गेली. मी खुर्चीत बसून राहिले, आणि सगळं सांगितलं. औषधाच्या दुकानाची पायरी, त्यांची पाठ, दुसऱ्याच्या हातातली पुडी. मी खाताना पाहिलं नव्हतं. काहीच पाहिलं नव्हतं. हे ऐकत होते आणि त्यांचा चेहरा मोकळा होत चालला होता. मी जन्मभराचा अपराध कबूल करत होते आणि समोरचा माणूस सुटल्यासारखा हसत होता. त्यानं मला जास्तच रडू आलं.

पुढचंही सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याच्या जिवाला घोर. पिझ्झा आमच्याकडे अजून होतो. आठवड्यातून एकदा, दोनच तुकडे, वर भाजीचा डोंगर. यीस्टला काहीच घातलं नाही तरी पीठ फुगतं, फक्त वेळ लागतो. सॉसचा आंबटपणा कांदा आणि गाजर बराच वेळ परतून घातलं की मरतो, पुरता नाही, पण मरतो. पुढच्या रिपोर्टात आकडा खाली आला. इन्सुलिन सध्या तरी टळलं आहे. डोळ्यांतले ठिपके आहेत तिथेच आहेत, वाढलेले नाहीत. विसरण्याच्या डॉक्टरांकडेही मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी तासभर प्रश्न विचारले आणि म्हणाले, ह्या वयाला आहे ते ठीकच आहे.

पण त्या रविवारी यातलं काही माहीत नव्हतं. बिनगुळाच्या सॉसचा पहिला पिझ्झा त्या दुपारी आम्ही तिघांनी खाल्ला, आंबट ढॅण. ह्यांनी डोळे मिटले नाहीत, पण संपवला. पाच वाजले तेव्हा मी त्यांच्या चपला दारात नेऊन ठेवल्या आणि म्हटलं, "जा, ते तिघं वाट बघत असतील. आणि बेकरीवरूनच जा." त्यांनी चपला घातल्या, पण गेले नाहीत. आत वळून टेबलावरची वही आणि पेन घेऊन आले आणि माझ्यापुढे धरली.

"काय लिहू?" मी विचारलं.

"आत्ता सांगितलंस ते. तुझ्या अक्षरात असू दे."

मी उभ्याउभ्याच दाराच्या चौकटीवर वही टेकवून लिहिलं, 'मी काही पाहिलं नव्हतं. ह्यांनी बाहेर काही खाल्लं नव्हतं, एकदाही नाही.' त्यांनी चष्मा नाकावर सरकवून ते दोनदा वाचलं आणि वही परत माझ्या हातात दिली.

"तारीख घाल," ते म्हणाले. "पुढे मला आठवलं नाही, तर वाचता येईल."

मी तारीख घातली.